प्रेषक : १९२.१६८.१.७

नाही, पण मी म्हणतो, दुसऱ्याच्या मेतकुटाचं कौतुक स्वतःच्या पानात वाढून घेताना माणसाला निदान एक ठसका तरी लागायला नको? एकच! पश्चात्ताप वगैरे नंतर बघू, मी फक्त ठसका मागतोय. पण नाही... लोक खातात, बोटं चाटतात, वर "मी कुठे काय केलं, मी तर फक्त आणलं" असं म्हणतात आणि त्यावर पुन्हा साधेपणाबद्दल वेगळे मार्क मिळवतात. मी नाव घेत नाही. नावं घ्यायचा माझा स्वभाव नाही. आणि तुम्हाला सांगतो, प्रश्न माणसाचा नाहीच मुळी, प्रश्न तत्त्वाचा आहे.

तत्त्व काय, ते आधी ऐका, म्हणजे तुमचंही रक्त उकळेल. मी निमिष. कनाटात असतो, म्हणजे कॅनडात, ओटावाच्या पश्चिमेला, जिथे दर दोन इमारतींमागे एक टेलिकॉम कंपनी आहे आणि दर दोन टेलिकॉम कंपन्यांमागे एक रिकामी इमारत. राउटर तपासणं हे माझं काम. राउटर म्हणजे... तुम्ही इथून कुणाला दोन ओळींची ईमेल पाठवता ना, ती काय थेट उडत जात नाही, तिची पाकिटं होतात आणि ती हातोहात जातात. या राउटरच्या हातातून त्याच्या, त्याच्या हातातून तिसऱ्याच्या. आणि दर पाकिटावर पत्ते दोन प्रकारचे असतात. एक आतला, आयपी : हे मुळात कुणाकडून निघालं आणि शेवटी कुणाला पोचायचंय. दुसरा बाहेरच्या वेष्टनावरचा, मॅक : या क्षणी हे कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातंय, बस. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच कोरून दिलेला नंबर असतो तो. राउटर काय करतो, पाकीट हातात आलं की बाहेरचं वेष्टन फाडतो, आतला पत्ता वाचतो, नवं वेष्टन घालतो, त्यावर स्वतःचा नंबर आणि पुढच्याचा नंबर, आणि देतो सोडून. म्हणजे हात दर मुक्कामाला बदलतात, पण आतलं "कुणाकडून, कुणाला" याला कुणी बोट लावत नाही. वीस राउटर मध्ये येऊ देत, एकही म्हणत नाही की ही ईमेल मी लिहिली! केवढी सभ्यता आहे ही! अख्खं जग यावर चाललंय, आणि सस्काटूनमध्ये एक माणूस... जाऊ दे. प्रश्न तत्त्वाचा आहे.

हे सगळं मी जाईला गेल्या उन्हाळ्यात शिकवलं. जाई आमच्या कंपनीत चार महिन्यांसाठी आली होती, विद्यार्थिनी म्हणून, आणि राहायला शुभदाकाकूंकडे वरच्या खोलीत. मी त्याच घरात बेसमेंटमध्ये भाड्याने. आता शुभदाकाकू म्हणजे काय, तर कनाटातल्या मराठी माणसांचं पोस्ट ऑफिस. खरं पोस्ट ऑफिस आहे पाच मिनिटांवर, पण काकूंचा नियम, घरचं खाणं पोस्टाने जाऊ नये, माणसाच्या हाताने जावं. त्यामुळे कुणी टोरांटोला निघालं, कुणी कॅल्गरीला निघालं, की काकूंचा फोन, "जागा आहे का रे बॅगेत?" आणि दुसरा नियम त्याहून कडक : दुसऱ्याची वस्तू उघडून बघितल्याशिवाय न्यायची नाही. विमानात विचारलं, आत काय आहे, तर काय सांगणार? म्हणून जो तो उघडतो, हुंगतो, पुन्हा स्वतःच्या पद्धतीने बांधतो, आणि वर फक्त पुढच्याचं नाव लिहितो. मी जाईला समजावत होतो, वेष्टन फाडायचं, आतला पत्ता बघायचा, नवं वेष्टन... तर ती मध्येच म्हणाली, "म्हणजे शुभदाकाकू राउटर आहेत."

तुम्हाला सांगतो, आमच्या कंपनीत लोकांना हे समजायला दोन दिवसांचं ट्रेनिंग लागतं, वर दुपारचं जेवण द्यावं लागतं. हिला अर्धं वाक्य पुरलं. त्या क्षणी माझं काय झालं, ते मी सांगणार नाही. तांत्रिक गप्पा चालल्यात आपल्या.

त्याच आठवड्यात काकूंच्या घरातलं वायरलेस मी नीट लावून दिलं, आणि लावताना, हे बघा, यात गैर काही नाही, जाईच्या लॅपटॉपला मी नंबर दिला १९२.१६८.१.६ आणि माझ्या लॅपटॉपला १९२.१६८.१.७. सहा आणि सात. शेजारी शेजारी. मी वर तिच्या खोलीपर्यंत कधी गेलो नाही, ती खाली कधी आली नाही, पण नेटवर्कमध्ये आम्ही चार महिने शेजारी होतो! हे तिला सांगितलं का? सांगायचं काय त्यात? तिच्याच मशिनमध्ये होतं की, दोन वेळा क्लिक केलं असतं तर दिसलं असतं.

सप्टेंबरात ती पुढच्या शिक्षणाला सस्काटूनला गेली. निघताना म्हणाली, तिकडे सगळं मिळेल, घरच्यासारखं मेतकूट तेवढं मिळायचं नाही. आता हे ती मला म्हणाली का? तर नाही, ती फ्रिजकडे तोंड करून एकंदरीत म्हणाली. पण ऐकणारा माणूस ऐकतो हो. फ्रिज काय करणार होता?

मी नाशिकला आईला फोन लावला. आईला वाटलं मला ताप आलाय, नाहीतर मुलगा मेतकूट कशाला विचारेल? हरभराडाळ इतकी, उडीदडाळ तितकी, तांदूळ, थोडे गहू, मेथी, सुंठ, हिंग, सगळं वेगवेगळं भाजायचं, मंद आचेवर, घाई करायची नाही. घाई करायची नाही, हे ती मला सांगते! पहिला घाणा जळला. दुसऱ्या घाण्याला मेथीने असा धूर केला की बेसमेंटचा अलार्म वाजायला लागला, त्याच्या पाठोपाठ वरचे दोन. शशिकांतकाका, म्हणजे काकूंचे यजमान, खाली आले, टॉवेलने अलार्मला वारा घातला, कढईत एकदा बघितलं आणि एक शब्द न बोलता वर गेले. काका बोलतच नाहीत, त्यांचं ते ठरलेलंच आहे. तिसरा घाणा जमला. मग दळायचं कशात? ऑफिसात हेन्रीचा कॉफी दळायचा ग्राइंडर असतो. हेन्री माझ्या शेजारी बसतो, साठीचा आहे, इंटरनेट नवं होतं तेव्हापासून या धंद्यात. त्याला मी काय दळणार ते नीट सांगितलं नाही, त्याने नीट विचारलं नाही. पुढे आठवडाभर तो कॉफीचा घोट घ्यायचा आणि कपाकडे बघत बसायचा.

असं ते मेतकूट! अर्धा किलो. त्याच्या पिशवीला मी आतून चिठ्ठी चिकटवली. "प्रति : जाई, सस्काटून. प्रेषक : १९२.१६८.१.७." बस. माझं नाव लिहिलं नाही. नाव काय, कुणीही लिहितो! मला वाटलं, ती बघेल, सात बघेल, तिला तिचा सहा आठवेल, चार महिने आठवतील... तुम्ही हसू नका. चांगलं होतं ते. अजूनही चांगलंच आहे.

निघालं पाकीट. काकूंनी उघडलं, हुंगलं, किराण्याच्या पिशवीत बांधलं, वर लिहिलं "शीला". काका डिसेंबरात गाडीने टोरांटोजवळ मिसिसागाला त्यांच्या बहिणीकडे, शीलाताईंकडे गेले, त्यांनी नेलं. शीलाताईंनी वरची पिशवी फाडली, हुंगलं, माझी पिशवी चिठ्ठीसकट दह्याच्या रिकाम्या डब्यात भरली आणि झाकणावर मार्करने लिहिलं "देवेश". कारण सुट्टीत त्यांच्याकडे आलेला हा देवेश परत सस्काटूनला जाणार होता. मातीवर पीएचडी करतो. माती! आणि राहतो कुठे, तर जाई राहते त्याच घरात. पाच विद्यार्थी मिळून एक घर, त्यात हा. उंच आहे. गाडी आहे, तीही ब्लॉक हीटरवाली, म्हणजे थंडीत इंजिन ऊबदार राहणारी. मी चौकशी केली नाही, कळलं. आणि चिठ्ठीला कुणी हात लावला नाही हां, तीन हात बदलले, दोन वेष्टनं बदलली, आतलं प्रति आणि प्रेषक जसंच्या तसं! माझ्या माणसांनी चोख काम केलं. पण देवेशने काय केलं? काही नाही! डबा बॅगेतून काढला आणि ओट्यावर ठेवला, स्वतःच्या नावाच्या झाकणासकट. अरे, वेष्टन बदल ना! निदान झाकण पूस! साधा नियम आहे. पण नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे म्हणतो ते यासाठी.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी जाईचा फोन. चार महिन्यांतला पहिला. मी उभा राहिलो. बसून काय बोलणार?

"निमिष, तुला सगळ्यात आधी सांगतेय हां," ती म्हणाली. "तुझ्यामुळेच कळलं मला."

मला वाटलं, पोचलं! मी म्हटलं, सांग. मग ती सांगायला लागली. ओट्यावर डबा दिसला, झाकणावर देवेश. त्याला विचारलं हे काय, तर तो म्हणाला, टोरांटोहून तुझ्यासाठी आणलं. उघडलं तर मेतकूट! आणि आत चिठ्ठी, प्रेषकाच्या जागी नुसता नंबर.

"मग मी तू शिकवलंस तसंच केलं. लॅपटॉप उघडला आणि त्या नंबरला पिंग केलं."

पिंग म्हणजे हाक. त्या पत्त्याला हाक मारायची, आहेस का रे? असला तर उत्तर येतं.

"आणि उत्तर आलं रे! एका मिलिसेकंदात. मला वाटलं कुठून तरी लांबून येईल, तर इतक्या जवळून..."

अहो, येणारच! सगळा घोटाळा तिथे आहे. कारण हे १९२.१६८ वाले नंबर म्हणजे घरातली हाक आहे. जसं घरात आपण बाळू म्हणतो. प्रत्येक घरात एक बाळू असतो. माझ्या घरातून "बाळू" म्हणून चिठ्ठी लिहिली आणि ती तुमच्या घरात वाचली तर तुमचाच बाळू ओ देणार ना? गल्लीत कुणी विचारायला जात नाही. काकूंच्या घरात सात म्हणजे मी. सस्काटूनच्या घरात कुणाला तरी राउटरने सात दिलाच असणार, आणि पाच जणांच्या त्या घरात तो कुणाला दिला होता, ते सांगायला पाहिजे का मी तुम्हाला?

पण ती माझी विद्यार्थिनी, ती नुसत्या पिंगवर कशी थांबेल? तिने पुढचंही केलं. घरात आरोळी ठोकून विचारायचं, हा नंबर कुणाचा, म्हणजे ज्याचा असेल त्याचं यंत्र आपला कोरलेला मॅक नंबर सांगतं. तो तिने लिहून घेतला. आणि देवेश बाहेर गेल्यावर त्याचा लॅपटॉप उलटा करून खालच्या स्टिकरशी ताडून पाहिला. बाराच्या बारा अक्षरं जुळली. "आयपी बदलू शकतो, पण मॅक कारखान्यातून येतो, असं तूच म्हणायचास," ती म्हणाली. म्हणायचो. मीच म्हणायचो.

मग तिने देवेशला विचारलं, तूच ना? तर तो म्हणाला, अगं मी फक्त आणलं. खरं बोलला! तिथेच तर माझी पंचाईत आहे, तो एक शब्द खोटं बोललेला नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला रंगेहाथ पकडला नसता का? पण हा खरं बोलला आणि तिला ते लाजणं वाटलं. किती साधा आहे ना, असं मला विचारते. मला!

तेव्हा मी सांगितलं. हो, सांगितलं, मी काही भित्रा नाही. म्हटलं, "जाई, ते मी पाठवलंय. मी केलंय ते."

ती हसली. वाईट नाही हसली, छानच हसली. "हो का? मग तुझा नंबर काय?"

"एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात."

"अरे, तोच तर देवेशचा आहे!"

मी म्हटलं, अगं, काकूंकडे माझा सात होता, तुझा सहा होता, शेजारी शेजारी. त्यावर ती म्हणाली, "असेल रे. मी कधी बघितलाच नाही माझा नंबर, तूच लावून दिला होतास ना." मग मी तिला प्रायव्हेट पत्ते, घरातले पत्ते, बाहेर चालणारे पत्ते, हे सगळं पहिल्यापासून समजावायला घेतलं, आणि चांगलं समजावत होतो, वीसएक मिनिटं झाली असतील, तेव्हा ती म्हणाली, निमिष, मी पळते, देवेशने गाडी गरम करून ठेवलीय.

बघा आता. पुरावा दिला तर पुरावा त्याचा. मेतकुटाला कॉफीचा वास येतो, हा माझा शेवटचा हुकमी पुरावा मी ती फोन ठेवता ठेवता टाकला, तर देवेशकडेही कॉफीचा ग्राइंडर निघाला! हे मी बोललो नसतो तर बरं झालं असतं, कारण त्यामुळे तिची उरलीसुरली शंका फिटली.

सोमवारी मी हेन्रीला सगळं सांगितलं, ग्राइंडरची कबुली देऊन. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, असल्या घरगुती पत्त्याचं पाकीट कुठल्याही शहाण्या राउटरने पहिल्याच दारात फेकून दिलं असतं, ते बाहेर चालतच नाही, तुझं पोचलं कारण तुझ्या काकूंना नियम माहीत नव्हता. आणि मग मला विचारतो, "व्हाय डिडन्ट यू जस्ट राइट युवर नेम?" तीस वर्षं नेटवर्कमध्ये काढून माणूस हा प्रश्न विचारतो! काही गोष्टी समजावून सांगता येत नाहीत.

शीलाताईंना फोन केला, म्हटलं निदान तुम्ही तरी जाईला सांगा. त्या म्हणाल्या, मला शशीने आणून दिलं, त्याच्या मागचं मला काय माहीत? आणि चांगलं होतं हो, मी दोन वाट्या काढून घेतल्या. दोन वाट्या! राउटरने कधी पाकीट चाखलंय? पण त्यांना काय बोलणार, मोठ्या आहेत. मी गप्प बसलो. तीन आठवडे गप्प बसलो. म्हटलं, पाठवणाऱ्याने स्वतःची वकिली करत फिरू नये, खरं असेल ते आपोआप कळतं. जळत नव्हतो मी. तुम्हाला तसं वाटत असेल तर वाटू दे. मी फक्त रोज ऑर्कुटवर तिचं पान बघत होतो, दिवसातून चारदा, कारण प्रश्न तत्त्वाचा होता. आणि काल, शनिवारी, तिथे फोटो आला. सस्काटूनची गोठलेली नदी, मागे पूल, पुढे ही दोघं, आणि तिच्या डोक्यावर पुरुषी टोपी. कानावरून खाली आलेली. तिची टोपी लाल आहे, मला माहीत आहे. ही करडी होती.

मग मात्र आज सकाळी मी वर गेलो. काकू चहा गाळत होत्या, काका स्टुलावर बसून बूट चढवत होते, रात्री पडलेला बर्फ शोव्हल करायला. मी म्हटलं, काकू, आता तुम्हीच तिला फोन करा. पहिला हात तुमचा होता, माझ्या हातून तुम्ही घेतलंत, अलार्म वाजलेला तुम्ही ऐकलात. तुम्ही सांगितलंत की संपलं.

काकू म्हणाल्या, "अरे, तिचाच आला होता की फोन."

"कधी?"

"झाले तीन आठवडे. रविवार होता."

रविवार. म्हणजे माझ्याशी बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी! काकू सांगत होत्या, आणि मी ऐकत होतो. तिने देवेशला विचारलं होतं, तुला कुणी दिलं? तो म्हणाला शीलाताईंनी. तिने शीलाताईंना लावला, कुणी दिलं? त्या म्हणाल्या शशीने. मग तिने इथे लावला. एकेका हाताला त्याच्या मागचा हात विचारत, उलट्या दिशेने, कुणाला मॅक विचारला नाही, कुणाला आयपी विचारला नाही, तीन फोनमध्ये माझ्या बेसमेंटपर्यंत पोचली होती पोरगी! याला म्हणतात विद्यार्थिनी. काकूंनी तिला सगळं सांगितलं होतं, आईचा फोन, जळका घाणा, धूर, सगळं.

"मग काय म्हणाली?"

"काय म्हणणार, गहिवरली बिचारी. म्हणाली, इतकं कुणी केलं नव्हतं माझ्यासाठी. निमिषला माझे खूप खूप थँक्स सांगा, मला त्याच्याशी बोलताना रडू येईल म्हणाली." काकूंनी गाळणं उलटं करून आपटलं. "बघ, तुला सांगायचेच राहिले रे. ते कॅल्गरीचं सामान निघालं होतं त्या दिवशी."

तीन आठवडे! माझे थँक्स तीन आठवडे काकूंच्या ओट्यावर पडून होते! पण ते एक वेळ जाऊ दे. तुम्ही नीट विचार करा. म्हणजे तिला माहीत होतं. कुणी पाठवलं, कुठून निघालं, कसं आलं, सगळं. नेटवर्कमध्ये काही चुकलेलं नव्हतं. पाकीट पोचलं होतं, प्रेषक कळला होता, पोचपावतीसुद्धा निघाली होती. आणि तो फोटो कालचा. सगळं कळल्यानंतरचा.

मी काकूंना विचारलं, काकूंना म्हणजे कुणालाच नाही, त्या स्वयंपाकघराला विचारलं, की मग यात माझ्याकडून राहिलं तरी काय? काकू माझ्याकडे न बघता चहात साखर घालत राहिल्या, माझ्या कपात तिसरा चमचा पडला तरी थांबेनात. आणि आमचे शशिकांतकाका, ज्यांनी मी राहायला आल्यापासून मला "चावी" आणि "पार्किंग" एवढेच दोन शब्द ऐकवले होते, त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, उठले, फावडं घेतलं आणि दार उघडता उघडता म्हणाले,

"मेतकूट तुझं रे. पण मऊ भात रोज तो लावतो."